सभागृहाचा दिवस कोण चालवितो?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या शाळेच्या विद्यार्थिसभेची बैठक शेवटच्या तासाला भरली होती. सभेपुढें विषय तीन होते. दहावीच्या मुलांना ग्रंथालय शनिवारीं दुपारपर्यंत उघडें हवें होतें. नववीच्या वर्गाला क्रीडासामन्यांची तारीख बदलून हवी होती. तिसरा विषय सातवींतील एका मुलीचा होता. ही मुलगी डोंगराकडील वाडीवरून शाळेंत येते. वाटेंतील ओढ्याला पाणी चढलें म्हणजे तिला व तिच्या सोबतच्या मुलांना पलीकडेच थांबावें लागतें आणि त्या दिवसाची हजेरी बुडते. अशा दिवसांची गैरहजेरी मांडूं नये, अशी विनंति सभेनें मुख्याध्यापकांस करावी, एवढेंच तिचें म्हणणें होतें.

बैठक पाऊण तासाची. पहिला अर्धा तास ‘आधीं कोणाचा विषय’ ह्याच वादांत गेला. दहावीचीं मुलें म्हणत, आम्ही वडील, आमचा मान पहिला. नववीचीं मुलें म्हणत, आमची संख्या अधिक. उरलेल्या वेळांत सारेच एकदम बोलूं लागले. घंटा झाली; खोपोलीची गाडी गांठणाऱ्या मुलांनीं दप्तरें उचललीं, आणि एकही ठराव न होतां सभा मोडली. त्या मुलीला तोंड उघडावयासही अवसर मिळाला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं नागरिकशास्त्राच्या तासाला तिनेंच मला विचारलें, “सर, दिल्लीच्या सभेंत आधीं कोणाचा विषय घ्यावयाचा, हें कोण ठरवितें?”

विद्यार्थिमित्रहो, प्रश्न लहान दिसतो. परंतु राज्यकारभाराचें पुष्कळसें मर्म त्यांत सांठविलेलें आहे. कायदा चांगला कीं वाईट ह्याविषयीं आपण वाद करतों. पण तो कायदा सभेपुढें केव्हां आला, त्याला किती वेळ मिळाला, आणि तो वेळ कोणीं मिळवून दिला, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. वर्गांत मीं त्या मुलीला जें उत्तर थोडक्यांत दिलें, तेंच येथें जरा विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

आपल्या संसदेचीं दोन सभागृहें आहेत. लोकसभेचे सदस्य मतदार प्रत्यक्ष निवडून देतात. राज्यसभेचे बहुतेक सदस्य विधानसभांचे आमदार निवडतात. राज्यसभेला वरिष्ठ सभागृह असें म्हणतात. तिचे सदस्य २४५ आहेत. त्यांपैकीं २३३ निवडलेले, आणि १२ राष्ट्रपतींनीं नेमलेले. महाराष्ट्राच्या वांट्याला १९ जागा येतात. प्रत्येक सदस्याची मुदत सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनीं सुमारें एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात व त्यांच्या जागीं नवे येतात. लोकसभा विसर्जित होते. राज्यसभा कधींही विसर्जित होत नाहीं. तिची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजीं भरली, तेव्हांपासून ती अखंड चालत आलेली आहे.

आपल्या राज्यांतही असें वरिष्ठ सभागृह आहे. मुंबई इलाख्यांत तें १९३७ सालीं प्रथम अस्तित्वांत आलें, आणि आज त्याला आपण विधानपरिषद म्हणतों. तिचे ७८ सदस्य. त्यांतील ३० विधानसभेचे सदस्य निवडतात, २२ नगरपालिका, जिल्हापरिषदा इत्यादि स्थानिक संस्था निवडतात, ७ पदवीधर व ७ शिक्षक निवडतात, आणि १२ राज्यपाल नेमतात. माध्यमिक शाळेंत किंवा तिच्याहून वरच्या दर्जाच्या संस्थेंत निदान तीन वर्षें शिकविलेल्या शिक्षकाला ह्या शिक्षक मतदारसंघांत नांव नोंदवितां येतें. कर्जत-खालापूर भागांतील शिक्षक कोकण विभागाच्या मतदारसंघांत मोडतात. तेव्हां वरिष्ठ सभागृह म्हणजे कांहीं दूरच्या देशींची वस्तु नव्हे. आपल्याला गणित शिकविणारे गुरुजी त्याच्या एका सदस्याचे मतदार असूं शकतात.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अशा सभागृहाचा दिवस कोण चालवितो?

पुष्कळांना वाटतें कीं, उंच आसनावर बसणारा सभापति हाच सर्व कांहीं ठरवितो. राज्यसभेचा सभापति म्हणजे भारताचा उपराष्ट्रपति. तो पदसिद्ध सभापति असतो. सभेंत कोणीं बोलावें, कोणतें भाषण नियमांत बसतें, मतमोजणी कशी व्हावी, हें तोच सांगतो. परंतु तो कोणत्याही पक्षाच्या बाजूनें उभा राहत नाहीं, आणि सरकारचें काम पुढें रेटणें हें त्याचें कर्तव्य नाहीं. तें काम ज्याच्याकडे असतें, त्याला सभागृहनेता म्हणतात. प्रधानमंत्री स्वतः राज्यसभेचा सदस्य असेल तर तोच तिचा नेता होतो. तसें नसेल तर तो राज्यसभेंतील एखाद्या मंत्र्याला त्या पदावर नेमतो. गंमत अशी कीं, राज्यघटनेंत ह्या पदाचा कोठेंही उल्लेख नाहीं; तें सभागृहाच्या नियमांवर व वहिवाटीवर उभें आहे. सभापतीच्या उजव्या हाताचें पहिलें आसन सभागृहनेत्याचें, आणि डाव्या बाजूस समोर विरोधी पक्षनेत्याचें.

पळसदरीच्या मुलांना हा भेद समजावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. येथें एक रूळ खोपोलीकडे फुटतो व दुसरा बोरघाट चढूं लागतो. गाडीनें कोणत्या रुळावर जावें व केव्हां थांबावें हें सिग्नल व सांधे सांगतात. त्यांना कोणत्याही गाडीचा पक्षपात नसतो. तें सभापतीचें काम. परंतु सिग्नल हिरवा झाला म्हणून गाडी आपोआप घाट चढत नाहीं. त्यासाठीं कर्जतला गाडीच्या मागें जादा इंजिनें जोडतात, आणि तीं मागून जोर लावून गाडी खंडाळ्याकडे चढवितात. बहुतेक उतारूंना त्यांची जाणीवही नसते. सभागृहनेत्याचें काम ह्या मागच्या इंजिनासारखें आहे.

आतां राज्यसभेचा एक दिवस पाहूं. सकाळीं अकरा वाजतां सभा भरते. निदान एक दशांश, म्हणजे २५ सदस्य हजर असल्याशिवाय कामकाज चालवितां येत नाहीं. प्रथम सरकारी अहवाल व कागदपत्रें सभागृहापुढें ठेवितात. मग सदस्य आपापल्या राज्यांतील तांतडीचे प्रश्न थोडक्यांत मांडतात. दुपारीं बारा ते एक हा प्रश्नोत्तरांचा तास. त्यांत मंत्र्यांना उभें राहून उत्तरें द्यावीं लागतात. पूर्वीं हा तास अकराला असे. २०१४ च्या अखेरीपासून तो बाराला नेला आहे. एक ते दोन मधली सुटी. दोन वाजल्यानंतर सरकारी कामकाज, म्हणजे मुख्यतः विधेयकांवरील चर्चा. शुक्रवारीं अडीच तास मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांना व ठरावांना राखून ठेविलेले असतात.

हिशेब करून पहा. विधेयकांना रोज फार तर चार तास मिळतात, आणि अधिवेशन कांहीं आठवड्यांचें. प्रत्येक मंत्र्याला आपलें विधेयक पहिलें हवें असतें. प्रत्येक पक्षाला आपल्या वक्त्याला अधिक वेळ हवा असतो. त्यांतच कोठें पूर आला, कोठें दंगल झाली, तर त्या विषयावर चर्चा आजच हवी असते. वेळ थोडा आणि मागणारे पुष्कळ, अशी ही स्थिति. आमच्या विद्यार्थिसभेंत जें झालें, तें येथें रोज होण्याचा संभव असतो.

तें टळावें म्हणून नियमांत दोन व्यवस्था केल्या आहेत. पहिली अशी कीं, सरकारी कामकाजाचा क्रम सभापतीनें सभागृहनेत्याशीं विचारविनिमय करून ठरवावा. राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील चर्चेला किती वेळ द्यावा, हेंही ह्याच रीतीनें ठरतें. दुसरी व्यवस्था कामकाज सल्लागार समितीची. तिचे सदस्य अकरा. सभापति हा तिचा अध्यक्ष, आणि निरनिराळ्या पक्षांचे प्रमुख लोक तींत बसतात. कोणत्या विधेयकाला किती तास द्यावेत, ह्याची शिफारस ही समिति करते. मग तो वेळ पक्षांच्या संख्याबळाप्रमाणें वांटला जातो. म्हणजे ‘आधीं कोणाचा विषय’ हा वाद सभागृहांत होण्यापूर्वीं एका लहान खोलींत, मेजाभोंवतीं बसून मिटविला जातो. निदान तसा प्रयत्न तरी होतो.

त्या खोलींत सभागृहनेत्याचा खरा कस लागतो. कोणत्या मंत्र्याची तयारी झाली आहे आणि कोण नुसती घाई करतो आहे, हें त्याला ओळखावें लागतें. विरोधी पक्षनेत्याला विश्वासांत घ्यावें लागतें. ‘तुमची दुष्काळावरील चर्चा आम्ही सोमवारीं घेतों, मंगळवारीं हें विधेयक होऊं द्या’, अशा प्रकारची देवघेव करावी लागते. आणि एकदां शब्द दिला म्हणजे स्वपक्षाचे लोक नाराज झाले तरी तो पाळावा लागतो. सदस्यांना मतदानाच्या वेळीं हजर ठेवण्यासाठीं प्रत्येक पक्षाचा एक प्रतोद असतो. ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ जनावर हांकण्याचा आसूड असा आहे. परंतु आसूड चालला तर तो स्वपक्षावर चालेल. विरोधकांना हांकतां येत नाहीं. त्यांचें मन वळवावें लागतें.

वरिष्ठ सभागृहांत तर ही गोष्ट अधिकच खरी. सरकार लोकसभेंतील बहुमतावर उभें असतें. राज्यसभेचे सदस्य मात्र निरनिराळ्या वर्षीं, निरनिराळ्या विधानसभांनीं निवडलेले. त्यामुळें लोकसभेंत बहुमत असलेला पक्ष राज्यसभेंत अल्पमतांत असणें हें पुष्कळदां घडलें आहे. अर्थविधेयक असेल तर राज्यसभा तें चौदा दिवसांहून अधिक काळ रोखूं शकत नाहीं. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचें एकमत न झाल्यास संयुक्त बैठक बोलावितां येते. परंतु घटनादुरुस्तीला ह्यांपैकीं कोणतीही पळवाट नाहीं. ती प्रत्येक सभागृहांत स्वतंत्रपणें मंजूर व्हावी लागते. त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकीं निम्म्याहून अधिकांचीं व उपस्थित राहून मत देणारांपैकीं दोन तृतीयांशांचीं मतें तिला मिळावीं लागतात. म्हणजे २४५ जणांच्या सभागृहांत निदान १२३ मतें तरी हवींत.

ह्याचें एक उदाहरण आपल्या मराठी मुलखाशीं व आपल्या गांवांशीं निगडित आहे. राज्यसभेच्या नेत्यांमध्यें महाराष्ट्रांतील माणसें अनेक झालीं. १९६३ सालीं कांहीं महिने यशवंतराव चव्हाण तिचे नेते होते. त्यांच्यानंतर लवकरच मुंबईचे एम. सी. छागला ह्यांनीं कांहीं वर्षें तें पद सांभाळलें. २०२१ ते २०२४ ह्या काळांत तें पीयूष गोयल ह्यांच्याकडे होतें. परंतु येथें मी शंकरराव चव्हाणांचा काळ घेतों. १९९१ पासून १९९६ पर्यंत ते राज्यसभेचे नेते होते.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० रोजीं पैठण येथें झाला. नांदेड ही त्यांची कर्मभूमि. ते दोनदां महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. प्रथम १९७५ ते १९७७, आणि पुन्हां १९८६ ते १९८८. मराठवाड्यांतील जायकवाडी प्रकल्पाशीं त्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. शिस्त व वक्तशीरपणा ह्यांविषयींच्या त्यांच्या आग्रहामुळें लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. हें नांव कांहीं जण कौतुकानें घेत, कांहीं जण धाकानें. शाळेंतील आम्हां माणसांना त्या नांवाचा अर्थ निराळा सांगावयास नको. १९९१ सालीं पी. व्ही. नरसिंहराव प्रधानमंत्री झाले, तेव्हां शंकरराव केंद्रीय गृहमंत्री झाले, आणि त्याच सुमारास राज्यसभेचें नेतेपदही त्यांच्याकडे आलें. त्या वेळीं सरकारला लोकसभेंतही स्पष्ट बहुमत नव्हतें.

आतां दोन वर्षें मागें जाऊं. गांवच्या पंचायतींना घटनेचा आधार द्यावा, त्यांच्या निवडणुका नियमानें व्हाव्यात, आणि त्यांत स्त्रियांना व मागासलेल्या वर्गांना राखीव जागा असाव्यात, अशी घटनादुरुस्ती राजीव गांधींच्या सरकारनें १९८९ सालीं आणली होती. ती लोकसभेंत सहज मंजूर झाली. परंतु राज्यांना बाजूस सारून दिल्ली थेट गांवांवर हात ठेवूं पाहते, असा विरोधी पक्षांचा आक्षेप होता. १३ ऑक्टोबर १९८९ रोजीं राज्यसभेंत मतदान झालें, तेव्हां आवश्यक तें विशेष बहुमत मिळालें नाहीं आणि विधेयक पडलें. थोडींच मतें कमी पडलीं. परंतु घाटांत गाडी थोडक्यासाठीं थांबली काय किंवा अर्ध्या वाटेवर थांबली काय, ती वर पोंचली नाहीं एवढेंच खरें.

१९९१ च्या सप्टेंबरांत नव्या सरकारनें हाच विषय नव्या विधेयकाच्या रूपानें आणला. ह्या वेळीं घाई केली नाहीं. दोन्ही सभागृहांतील निरनिराळ्या पक्षांच्या सदस्यांची संयुक्त समिति नेमली. तिनें विधेयक कलमवार तपासलें व १९९२ च्या जुलैंत आपला अहवाल दिला. पूर्वींचा आक्षेप ध्यानांत घेऊन पुष्कळशा बाबी राज्यांच्या विधिमंडळांवर सोंपविल्या. ज्यांनीं १९८९ सालीं विरोध केला होता, त्यांचें म्हणणें आतां विधेयकाच्या पोटांतच आलें.

पण घाटाची शेवटची चढण राहिली होती, आणि ती अत्यंत वाईट वेळीं आली. ६ डिसेंबर १९९२ रोजीं अयोध्येंतील बाबरी मशीद पाडली गेली. देशांत ठिकठिकाणीं दंगे झाले. आपल्या मुंबईंतही रक्त सांडलें. संसदेंत प्रक्षोभ उसळला. गृहखातें शंकररावांकडेच असल्यामुळें सभागृहांतील रोषाचा पहिला मारा त्यांनाच सोसावा लागणार हें उघड होतें. गृहमंत्री म्हणून त्या काळांतील त्यांच्या कारभारावर कठोर टीका झाली, ती लपविण्याचें कारण नाहीं. सभापतीच्या आसनावर के. आर. नारायणन होते, उपसभापति नजमा हेपतुल्ला, ह्या महाराष्ट्रांतूनच निवडून गेलेल्या, आणि समोर विरोधी पक्षनेते सिकंदर बख्त, ज्यांच्या पक्षाशीं सरकारचा त्या दिवसांत तीव्र संघर्ष चालू होता. अशा स्थितींत एखाद्या सरकारनें पंचायतीचें विधेयक बाजूस ठेविलें असतें, तर त्याला कोणीं फारसा दोष दिला नसता.

तें बाजूस ठेविलें गेलें नाहीं. २२ डिसेंबरला लोकसभेनें आणि २३ डिसेंबर १९९२ रोजीं राज्यसभेनें तें मंजूर केलें. ज्या सभागृहांत तीन वर्षांपूर्वीं तो विषय पडला होता, त्याच सभागृहांत आतां आवश्यक तें विशेष बहुमत मिळालें. निम्म्याहून अधिक राज्यांनीं त्यास संमति दिली, आणि २४ एप्रिल १९९३ रोजीं त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलांत आली. नगरपालिकांविषयींची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली.

ह्याचें सारें श्रेय एकट्या शंकररावांना देणें योग्य होणार नाहीं. विधेयक ग्रामविकास खात्याचें होतें. समितीनें श्रम घेतले होते. विरोधी पक्षांनीं देशाच्या कठीण समयींही आपला विवेक सोडला नाहीं. परंतु सभागृहनेत्याच्या कामाचें स्वरूप येथेंच नीट दिसतें. विधेयक स्वतःच्या खात्याचें नसलें, तरी त्याला दिवस व तास मिळवून द्यावयाचे. ज्यांच्याशीं सकाळीं कडाक्याचें भांडण झालें, त्यांच्याशींच दुपारच्या मतदानाविषयीं बोलावयाचें. आणि स्वतःवर होत असलेल्या टीकेला जागा देऊनही दुसऱ्या कामाची वाट बंद होऊं द्यावयाची नाहीं. असें काम वर्तमानपत्राच्या मथळ्यांत येत नाहीं. त्याचें फळ मात्र आपल्या अंगणांत येतें. त्या दुरुस्तीमुळें गांवच्या पंचायतींत निदान एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं हें प्रमाण निम्म्यावर नेलें. लोकसंख्येच्या प्रमाणांत आदिवासींनाही जागा राखल्या गेल्या. आज कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील ठाकूर-कातकरी स्त्री पंचायतीच्या खुर्चीवर बसते, तिच्या मागें १९९२ सालच्या त्या दोन दिवसांचें मतदान आहे.

इतर देशांतही ह्या कामाचें स्वरूप ह्याहून फार वेगळें नाहीं. अमेरिकेच्या सीनेटमध्यें शंभर सदस्य असतात. तेथील बहुसंख्य पक्षाच्या नेत्याला बोलण्याची पहिली संधि द्यावी, अशी वहिवाट १९३७ सालापासून आहे. हा अधिकार फार मोठा; परंतु तेथील रोजचें पुष्कळसें काम सर्वांच्या संमतीनेंच चालतें, आणि एका सदस्यानें ‘माझी हरकत आहे’ म्हटलें तरी ठरलेला क्रम अडूं शकतो. म्हणून त्या बलाढ्य नेत्यालाही एकेका सदस्याच्या दारीं जावें लागतें. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्यें तर अध्यक्षाला सदस्यांना गप्प बसविण्याचा अधिकारच नाहीं. शिस्त सर्वांनीं मिळून राखावयाची, आणि आतां कोणाची पाळी ह्याविषयीं वाद झाला तर सभागृहनेत्यानें सर्वांना मार्ग दाखवावयाचा.

हा मार्ग नेहमींच सांपडतो असें मात्र नाहीं. २०१० सालचें संसदेचें हिवाळी अधिवेशन जवळजवळ संपूर्ण वायां गेलें. दूरध्वनीच्या लहरींच्या वांटपांत झालेल्या गैरव्यवहाराची चौकशी संयुक्त संसदीय समितीनें करावी, अशी विरोधी पक्षांची मागणी होती. सरकार ती मान्य करीना. आणि दोन्ही सभागृहें रोज भरून रोज उठत होतीं. शेवटीं २०११ च्या आरंभीं ती समिति नेमली गेलीच. जें फेब्रुवारींत मान्य करावयाचें, तें नोव्हेंबरांत मान्य केलें असतें तर तीन-चार आठवडे वांचले असते, असें कांहीं लोक म्हणतात. सभा बंद पाडून मागणी पुढें रेटणेंच मुळीं गैर, असें दुसरे म्हणतात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. माझ्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी. त्या दिवसांत ज्यांचे प्रश्न सभेच्या यादींत शेवटीं होते, त्यांना ह्या भांडणाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें, आणि नुकसान मात्र त्यांचेंच झालें. सभा मोडली म्हणजे पहिल्या क्रमांकाचा विषय उद्यां पुन्हां येतो. शेवटचा विषय तसाच शेवटीं राहतो. आमच्या सातवीच्या मुलीचें असेंच झालें होतें.

आतां तिच्या प्रश्नाचें पुढें काय झालें तें सांगतों. हें सर्व वर्गांत बोलून झाल्यावर दहावींतील एका मुलानें हात वर केला व म्हणाला, “सर, आपणही आधीं तिघांची समिति करूं या.” मुलांनीं त्यालाच सभागृहनेता केलें, नववींतील एका मुलीला विरोधी पक्षनेती, आणि अध्यक्षपद माझ्याकडे दिलें. पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशीं मधल्या सुटींत तिघे व्हरांड्यांत बसलों. त्या मुलानें स्वतःच्या वर्गाचा विषय दुसरा ठेविला आणि ओढ्याचा पहिला. कारण विचारतां तो म्हणाला, “ग्रंथालय पुढल्या महिन्यांतही तेथेंच असणार. ओढा तोंवर थांबणार नाहीं.” नववीचा विषय ह्या खेपेस होणार नाहीं, पुढच्या बैठकींत तो पहिला येईल, असा शब्द त्यानें त्या वर्गाला अगोदरच दिला. त्यामुळें बैठकींत नववीचीं मुलें रुसलीं नाहींत.

ओढ्याचा विषय दहा मिनिटांत संपला. सातवीच्या मुलीनें चार वाक्यें सांगितलीं, ठराव एकमतानें झाला, आणि पाण्यामुळें अडलेल्या दिवसांची वेगळी नोंद ठेवण्याचें मुख्याध्यापकांनीं मान्य केलें. मग ग्रंथालयाचाही ठराव झाला. घंटा होण्यास अजून पांच मिनिटें होतीं.

पालकांनाही येथें दोन शब्द सांगावेसे वाटतात. सभा म्हटली म्हणजे आपण तेथें भाषण करण्यास किंवा हात वर करण्यास जातों. यादी कोणीं केली, तींत आपला विषय कितवा, ह्याची चौकशी सभेपूर्वीं करण्याची संवय आपल्याला नाहीं. पालकसभेच्या दिवशीं त्या मुलीची आई मला भेटली. ती आपल्या पंचायतीची सदस्य आहे. मीं तिला म्हटलें, “ताई, हजेरीचें काम झालें, पण ओढ्यावर साकव झाला तर हजेरीचा प्रश्नच उरणार नाहीं.” ती म्हणाली, “सर, साकवाचा विषय दोन वर्षें यादींत आहे. पण तो नेहमीं शेवटीं असतो. तो येईपर्यंत माणसें उठून जातात.”

मीं तिला तिच्या मुलीच्या सभेची हकीकत सांगितली. सभा भरण्याच्या दोन दिवस अगोदर सरपंचांकडे जा, त्यांच्याविरुद्ध असलेल्या गटाच्या लोकांकडेही जा, आणि पाऊस लागण्यापूर्वींच्या सभेंत हा विषय पहिला घ्या असें दोघांनाही सांगा, एवढेंच मीं सुचविलें. तिनें तें शांतपणें ऐकून घेतलें, आणि सभेची तारीख मला सांगितली.